मला टेबलावर ठेवून बघा

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. मी रिमोट नाही. या घरातली आई मला कायम रिमोटच म्हणते, "तो रिमोट उचला आधी टेबलावरून" असं, आणि मला दर वेळी लागतं. रिमोटचं काय, चॅनेल बदललं की तो झोपला. मी कंट्रोलर आहे. खेळाचा. दोन्ही हातांत मावतील अशी दोन शिंगं, बोटाबोटाला बटणं, दोन अंगठ्यांसाठी गोल टोपीच्या दोन दांड्या, आणि पोटात दोन इवल्याशा मोटारी. पडद्यावर घोडा दौडला की माझ्या पोटात दुडदुड होते, ती त्यांच्यामुळे. वय सात वर्षं. माणसांत सात म्हणजे दुधाचे दात पडायचं वय. आमच्यात सात म्हणजे नातवंडांची लग्नं लावून झाली.

तुम्हाला वाटेल, खेळण्यातला जीव, सगळं आयुष्य मजेत गेलं असेल. बरंचसं गेलं. पण आज सांगणार आहे ते मजेचं नाही. माझ्यामुळे एका माणसाचा हात गेला. मी मुद्दाम केलं नाही, मला तोंड नाही म्हणून सांगता आलं नाही, हे सगळं खरं आहे. पण गेला तो गेलाच.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. पट्टा सरकत होता आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मला काहीतरी देत होतं, कुणी पाठ, कुणी बटणं, कुणी दांड्या. शेवटी पांढरे हातमोजे घातलेली एक बाई बसली होती. तिनं काय केलं ते नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिनं मला तारेनं पडद्याला जोडलं, टेबलावर मोकळं ठेवलं आणि हात काढून घेतले. पडद्यावर एक ठिपका होता. मला कुणी धरलेलं नव्हतं, म्हणून ठिपकाही जागचा हलला नाही. बाईनं मान डोलावली आणि माझ्या पोटाला हिरवी टिकली चिकटवली. त्यानंतर कित्येक वर्षं मला असं मोकळं ठेवून कुणी बघितलंच नाही.

मी या घरी आलो तेव्हा इथली मुलगी आठ वर्षांची होती. आता ती पंधराची आहे आणि तिला असं वाटतं की जगात तिला येत नाही असं फार थोडं उरलंय. मला ती आवडते. तिचे अंगठे तर विचारूच नका. बिस्किट खाल्लेले अंगठे, शाईचे अंगठे, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घाबरून ओले झालेले अंगठे, सगळे मी ओळखतो. तिनं माझ्यावर गाड्या पळवल्या, चेंडू मारले, शेतं पिकवली. आणि मग दोन वर्षांपूर्वी घरात सामुराईचा खेळ आला. मग बाकीचे खेळ कपाटात गेले ते गेलेच.

सामुराई म्हणजे जुन्या काळचा तलवारबहाद्दर. त्याचा किल्ला जळालाय, माणसं पांगलीत, आणि त्याला अख्खं बेट पार करून डोंगरावरच्या म्हाताऱ्या गुरूपर्यंत पोचायचंय. या खेळात वाट आखून दिलेली नसते. बेट मोकळं आहे, कुठेही जा. नवे लोक इथेच फसतात. मित्रांनो, तुम्ही हा खेळ पहिल्यांदा हातात घेणार असाल तर मुलीचं ऐका. ती सांगते, पहिले दोन-तीन दिवस लढाईच्या भानगडीत पडूच नका, नुसते हिंडा. उंच टेकडी दिसली की चढा आणि धूर कुठे दिसतो ते बघा. धूर तिथे गाव, गाव तिथे औषधी पाला आणि बाण. दिसेल त्या माणसाशी बोला, म्हातारीशी तर बोलाच, चांगल्या वाटा म्हाताऱ्यांनाच माहीत असतात. बांबू दिसला की तोडून ठेवा, तलवारीची मूठ सुधारायला लागतो. आणि पळून जाण्यात लाज नाही. चार जण अंगावर आले तर घोड्याला शीळ घाला आणि सुटा. मेलेला शूर परत मागच्या गावापासून चालत येतो, पळालेला भित्रा पुढच्या गावात पोचतो.

या सगळ्याच्या आधीचा नियम मात्र एकच. मला हातातून खाली ठेवण्याआधी खेळ थांबवायचा. मधलं बटण दाबलं की पडदा करडा होतो आणि सगळं जिथल्या तिथे उभं राहतं. न थांबवता उठलात तर परत येईपर्यंत तुमचा सामुराई मेलेला असतो. मुलीला हा नियम इतका अंगवळणी पडला होता की आईनं नुसतं "अगं" म्हटलं तरी तिचं बोट मधल्या बटणावर जायचं. नियम चांगलाच आहे. माझा घात त्यानंच केला.

कारण तोवर मी बिघडायला लागलो होतो. डाव्या दांडीच्या बुडाशी एक बारीकसा पट्टा असतो. सात वर्षं रोज घासून घासून तो एका बाजूनं झिजला. झालं असं की कुणी हात लावला नाही तरी दांडीला वाटायचं, आपल्याला डावीकडे ढकलतंय. जोरात नाही, अगदी गोगलगाईसारखं. मोठ्या मैदानात घोडा पळवताना ते जाणवायचंसुद्धा नाही. आणि मुलीला तर कधीच जाणवलं नाही, कारण मी जसजसा डावीकडे कललो, तसतसा तिचा अंगठा आपोआप उजवीकडे रेटायला शिकला. एका दिवसात नाही, वर्षभरात. तिच्या अंगठ्यानं मला सांभाळून घेतलं, आणि ही गोष्ट त्यानं तिला सांगितलीच नाही.

आता मामाकडे येतो.

मामा म्हणजे मुलीचा मामा, आईचा धाकटा भाऊ. घड्याळजी. त्याचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट. आत एक टेबल, एक दिवा, एक खुर्ची, आणि गिऱ्हाईक बाहेर पायरीवर उभं. आई म्हणायची, तू दुकानात बसत नाहीस, दुकान अंगात घालतोस. डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा आणि डाव्या हातात घड्याळ. हा डावा हात महत्त्वाचा, बरं का. चिमटा कुणीही धरेल, मामा म्हणायचा, पण उघडं घड्याळ श्वासाचा धक्का न लागू देता धरायला डावा हात लागतो.

मामा दर रविवारी इथे जेवायला यायचा आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक मी इतक्या वेळा ऐकलीय की पाठ झालीय. कुणी घड्याळ आणलं, मागे पडतं म्हणालं, तर मामा ते लगेच उघडत नसे. आधी मनगटावरून काढायला लावायचा आणि दिवसभर टेबलावर नुसतं ठेवून द्यायचा. माणसाचा हात हलतो, गरम होतो, आपटतो. हातावर असेपर्यंत दोष घड्याळाचा की हाताचा, कळायला मार्ग नाही. टेबलावर ठेवलं की घड्याळ खरं बोलतं. आणि याच्या उलट एक बाई होत्या. त्यांचं घड्याळ वीस वर्षं दहा मिनिटं मागे होतं आणि त्या शपथेवर सांगायच्या की अगदी बरोबर आहे, कारण बघता बघता मनातल्या मनात दहा मिनिटं मिळवायची त्यांना सवय लागली होती. मुलगी या गोष्टीवर पोट धरून हसायची. मला अंगठ्यांत धरून हसायची.

मग मामाला अर्धांगाचा झटका आला. दुकानातच, घड्याळ हातात असताना. घड्याळ पडलं आणि मागोमाग मामा. दवाखान्यातून त्याला इथेच आणलं, कारण त्याला दुसरं कुणी नाही. चालणं महिन्याभरात बरंचसं परत आलं, बोलणंही आलं. डावा हात आला नाही. तो हात मामाच्या शेजारी सोफ्यावर पडून असायचा, पाहुण्यासारखा.

आठवड्यातून दोनदा फिजिओवाल्या बाई यायच्या. त्यांनी स्पंजाचा चेंडू दाबायला दिला आणि एका वाटीतली शर्टाची बटणं उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितली. पहिले सहा महिने सोन्याचे, त्या म्हणायच्या. हात विसरायच्या आत त्याला कामाला लावा, नंतर तो ऐकत नाही. मामानं आठ दिवस बटणं उचलली आणि नवव्या दिवशी वाटी सरकवून म्हणाला, मी घड्याळजी आहे, शिंपी नाही.

तेव्हा मुलीनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

मित्रांनो, मी कितीतरी हातांत गेलोय, पण तसा हात कधी अनुभवला नव्हता. मुलीनं त्याची डावी बोटं एकेक करून माझ्याभोवती वळवली, अंगठा उचलून दांडीवर ठेवला. जड, गार अंगठा. त्याला तो पुन्हा उचलता येत नव्हता, म्हणून तो माझ्यावरच टेकलेला असायचा. मामानं पहिल्या दिवशी सामुराईला पंधरा मिनिटं एका झाडाला धडका मारायला लावल्या. आई दारातून बघत म्हणाली, झाडानं काय घोडं मारलंय याचं. मामा हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा हसला, असं आईनं नंतर फोनवर कुणालातरी सांगितलं.

त्या दिवसापासून मामा मुलीला मास्तरीणबाई म्हणायला लागला. शाळेतून आली की दप्तर टाकून शिकवणी सुरू. काय शिकवायची ती. ती म्हणायची, मामा, नवा माणूस तलवार दिसली की वार करत सुटतो आणि मरतो. तू आधी ढाल धर. समोरच्याचा खांदा बघ. खांदा मागे गेला की मनात एक म्हण, आणि तलवार खाली यायला लागली की तेव्हाच अडव. आधी नाही, नंतर नाही. मामाला हे लगेच कळलं. तो म्हणाला, म्हणजे लढायचं नाहीच, ठोका ऐकायचा. आणि खरंच, वार अडवण्यात तो महिन्याभरात मुलीपेक्षा सरस झाला. भालेवाला आला तर बाजूला सरकायचं, ढालवाल्याला आधी लाथ घालायची, तिरंदाज दिसला तर सगळ्यात आधी त्याचा काटा काढायचा, पाठ भिंतीला लावून लढायचं म्हणजे मागून कुणी येत नाही. हे सगळं तो सकाळी एकटा बसून घोकायचा. खेळ सोपा करायची सोय असते. मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सोप्यावर ठेव, कुणी बघत नाहीये. मामानं सोप्यावर ठेवला आणि वर म्हणाला, माझी मास्तरीण लाच घेते.

आणि हात जागा व्हायला लागला, मित्रांनो. खोटं सांगत नाही, मला कळत होतं. ढालीचं बटण डाव्या तर्जनीखाली असतं. आधी ते दाबायला मामाला सगळा खांदा हलवावा लागायचा. मग मनगट. मग एक दिवस नुसतं बोट. अंगठा माझ्या टोपीवरून जवाएवढा वर उठायला लागला. फिजिओवाल्या बाईंनी तो अंगठा बघितला आणि मुलीला विचारलं, फी किती घेतेस.

मामा घोड्यावर बसला की घोडा जरा डावीकडे ओढायचा. सगळे हसायचे. मामा म्हणायचा, घोड्याची सासुरवाडी तिकडे असेल. मी तेव्हाही ओरडत होतो. पोटातल्या मोटारींखेरीज मला आवाज नाही, आणि त्या माझ्या मर्जीनं चालत नाहीत.

अशा रीतीनं मामाचा सामुराई दोरांच्या पुलाशी पोचला.

हा पूल या खेळातली सगळ्यात अवघड जागा. खाली दरी, दोन्ही बाजूंना काही नाही, घोडा चालत नाही, धावलात तर फळी मोडते. पलीकडे गुरूचा डोंगर. इथे पडलं की मागच्या गावाला नाही, पुलाच्या तोंडाशीच परत उभं राहायचं. अगदी हळू, अगदी सरळ चालायचं. आता बघा, हळू चालायचं म्हणजे माझी दांडी जराशीच कलवायची. आणि दांडी जराशी कलवली की माझा दोष सगळ्यात जास्त. मैदानात तो लपतो, पुलावर लपत नाही.

मामानं त्या दिवशी पुलाच्या तोंडाशी खेळ थांबवला आणि म्हणाला, मास्तरीणबाई, माझं ठरलं. हा पूल मी माझ्या हातानं ओलांडला की पुढच्या सोमवारी दुकान उघडायचं. अंगठ्याला एवढं सरळ चालता आलं, तर घड्याळ धरता येईल. मुलगी आनंदानं सोफ्यावर उभीच राहिली. आईनं जाऊन दुकानाच्या किल्ल्या शोधल्या आणि टीव्हीखालच्या खणात, मला दिसतील अशा ठेवल्या.

मामा चालायला लागला. चार फळ्या. पाच. सामुराई डावीकडे कलला आणि दरीत गेला.

त्या दिवशी तो बारा वेळा पडला. दुसऱ्या दिवशी किती ते मी मोजलं नाही. मुलगी म्हणाली, थांब, मी दाखवते कसं चालायचं. तिनं मला घेतलं, तिचा स्वतःचा खेळ उघडला, तोंडात बिस्किट, आणि शीळ घालत पूल ओलांडला. एका दमात. मामानं सगळं पाहिलं. तोच पूल, तोच मी, फक्त हात वेगळा.

मित्रांनो, चूक तिथे झाली. मुलीच्या अंगठ्याला मला सांभाळून घ्यायची सवय होती, हे तिला माहीत नव्हतं. मामाचा अंगठा प्रामाणिक होता. तो सरळ म्हणजे सरळच ढकलत होता. आणि घरातल्या सगळ्यांनी प्रामाणिक अंगठ्याला दोषी ठरवलं, सगळ्यात आधी मामानं.

दोन आठवडे तो पडत राहिला. मुलगी म्हणाली, मी ओलांडून देते, पुढे मजा आहे, गुरू भेटतो. मामानं नकारार्थी मान हलवली. फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, हात सुधारतोय, मला दिसतंय. मामा नंतर आईला म्हणाला, बाई चांगल्या मनाच्या आहेत, त्या म्हणणारच. हळूहळू तो हाताकडे बघेनासा झाला. पडला की त्या हाताला उजव्या हातानं चापट मारायचा, खोडकर पोराला मारतात तशी.

एका दुपारी तो सलग कितीतरी वेळा पडला. मग त्यानं मधलं बटण दाबलं, पडदा करडा झाला, आणि मग नियमाप्रमाणे मला अलगद टेबलावर ठेवलं. मी तिथे मोकळा पडलो होतो. जर त्यानं तेवढं एक बटण दाबलं नसतं. जर तो एकदा, फक्त एकदा, उद्धटासारखा मला टाकून उठला असता. मला आयुष्यात शिस्तीची इतकी चीड कधी आली नव्हती.

"ताई," तो आईला म्हणाला, "हा हात आता फक्त बाही भरायला आहे."

आठवड्याभरात त्यानं भिंग, चिमटे, बारीक पात्यांचे स्क्रू ड्रायव्हर, सगळा संच दुसऱ्या गावातल्या एका घड्याळजीला देऊन टाकला. आई भांडली. रडलीसुद्धा, स्वयंपाकघरात, नळ सोडून. मामा म्हणाला, अगं, हत्यार बसून राहिलं की गंजतं, त्याच्याकडे चालतं तरी राहील. फिजिओवाल्या बाई आल्या की त्याचं डोकं दुखायला लागलं. दोन-तीनदा परत गेल्यावर त्यांनी दारातूनच त्याला खडसावलं, की दिवस निघून चाललेत. मामानं हो म्हटलं आणि कूस बदलली. मग त्या यायच्या थांबल्या.

चार महिने गेले. हात मिटला. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची, आणि शेवटी अंगठा आत वळून बोटांखाली गेला. मुलगीही मला फारशी हातात घेईना. मी टीव्हीशेजारी धूळ खात होतो. खालच्या खणात किल्ल्या.

तिची परीक्षा संपली त्या दिवशी ती घरी आली, इकडे तिकडे फिरली, आणि मला उचललं. तिचा स्वतःचा खेळ तिनं उघडला नाही. मामाचा उघडला. मामाचा सामुराई पुलाच्या तोंडाशी, ठेवला होता तसा उभा होता. ती नुसती त्याच्याकडे बघत बसली. मग दोन पावलं पुलावर टाकली आणि थांबली. तेवढ्यात आतून आई ओरडली, दूध उतू चाललंय. मुलगी धावली. आणि तिनं मला तसंच टेबलावर टाकलं. बटण न दाबता.

ती परत आली तेव्हा सामुराई दरीत होता. खेळानं त्याला पुन्हा पुलाच्या तोंडाशी आणून उभा केला. ती खाली बसली, मला घ्यायला हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. कारण मला कुणी धरलेलं नव्हतं, आणि सामुराई चालत होता. डावीकडे. हळूहळू, एकटा, काठाकडे.

सामुराई पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा चालायला लागला. मग ती उठून मामाच्या खोलीत गेली आणि त्याचा उजवा हात धरून त्याला घेऊन आली.

मामा सोफ्यावर बसला. टेबलावरच्या मला बघितलं, पडद्याकडे बघितलं. सामुराई पडला. मामानं उजवं मनगट डोळ्यांसमोर आणलं. आता घड्याळ आई त्याच्या उजव्या हातात बांधायची. पुन्हा पडला. पुन्हा. चौथ्या वेळी मामानं हात खाली घेतला.

"अकरा," तो म्हणाला.

"काय अकरा?"

"सेकंद. दर वेळी अकराव्या सेकंदाला पडतो. हात असा चुकत नाही गं. हात कधी पाचला चुकेल, कधी विसाला. नेमानं चुकतं ते यंत्र."

मुलगी रडायला लागली. म्हणाली, मला कळायला हवं होतं, माझाच कंट्रोलर, मीच वापरते रोज, त्या दहा मिनिटंवाल्या बाईंसारखी झाले मी. मामानं तिला पुढे बोलू दिलं नाही.

"घड्याळजी मी आहे," तो म्हणाला. "तू नाहीस. जन्मभर लोकांना सांगत आलो, आधी टेबलावर ठेवा."

मग त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि मांडीवर घेतला. मिटलेली मूठ. तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला. मुलगी म्हणाली, मामा, आपण याला उघडू या, तो पट्टा साफ करू, तुला येईल. मामानं माझ्या पाठीचे चार बारीक स्क्रू बघितले.

"कशानं?" त्यानं विचारलं.

त्याचे स्क्रू ड्रायव्हर केव्हाच दुसऱ्या गावी गेले होते.

आईनं नवा कंट्रोलर आणला. दोन दिवसांत आणला. मुलीनं मामाची बोटं पहिल्यासारखी एकेक करून त्याच्याभोवती वळवायला घेतली, आणि ती वळत नव्हती, कारण आधी उघडायलाच तयार नव्हती. अंगठा बाहेर काढताना मामाचा चेहरा पांढरा पडला. नवा कंट्रोलर मांडीवरून घसरून सतरंजीवर पडला. फिजिओवाल्या बाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी एकेक बोट हातात घेऊन हलकेच उघडून बघितलं आणि म्हणाल्या, चार महिन्यांपूर्वी. एवढंच म्हणाल्या. मग बटणांच्या दोन वाट्या मागवल्या. आईनं विचारलं, होईल ना. त्यांनी वाटीतली बटणं नीट केली.

मामा आता रोज सकाळी वाटीसमोर बसतो. चुकवत नाही, डोकं दुखत नाही. अजून एकही बटण त्यानं उचललेलं नाही. मुलगी शाळेला जाताना वाटीकडे बघते, आल्यावर वाटीकडे बघते.

मला फेकायला काढलं होतं. मामानं फेकू दिलं नाही. म्हणाला, ठेव, नेमाची चूक आहे, दुरुस्त होण्यासारखी. मित्रांनो, याच वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दुरुस्त होण्यासारखा तो मी. मी आता खणात आहे, त्या किल्ल्यांना टेकून. किल्ल्या गार लागतात.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, कंट्रोलर, खुर्ची, दाराची कडी, काहीही, आणि त्याच्याशी कुणाचं तरी जमत नसेल, वारंवार पडत असेल, चुकत असेल, आणि तुमचं मात्र त्याच वस्तूशी छान जमत असेल, तर त्या माणसाच्या हाताला लगेच काही बोलू नका. त्यालाही स्वतःच्या हाताला मारू देऊ नका. वस्तू टेबलावर ठेवा. हात काढून घ्या. खेळ थांबवू नका, चालू द्या. आणि बसून बघा, अकरा सेकंद.

फार नाहीत हो. अकराच.